मुंग्यांचा वाटा

शारिकाचं पत्र ओणमच्या आधी आलं आणि वृश्चिक महिना लागला, म्हणजे नोव्हेंबर अर्धा सरला, तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. मी चालवतो त्या वाचनालयातल्या एका जाड शब्दकोशात ते ठेवलं होतं. त्याला माझ्याखेरीज कोणी हात लावत नाही. पत्र चारच ओळींचं, कळमाबद्दल, म्हणजे आमच्याकडे जमिनीवर रंगीत पुडीने काढतात त्या देवीच्या चित्राबद्दल. 'माश, पुसून गेलेला एक कळम मला सांगा. कोणताही एक, तुम्हाला जसा आठवतो तसा. घरातल्या सगळ्यांना विचारलं आहे. उत्तर पोस्टानेच पाठवा, फोनवर नको.'

नात्याने मी तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ. पण जन्म शाळेत गेल्यामुळे घरीदारी सगळे मला माशच म्हणतात, म्हणजे मास्तर. निबंध तपासण्यात हयात गेली आणि हा एवढासा निबंध काही माझ्याच्याने होईना. बाकी सगळ्यांनी पाठवले. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, शंकुण्णीनेसुद्धा पाठवला, आणि तो तर पोस्टात फक्त पेन्शन घ्यायला जातो. मी लिहायचो, वाचायचो आणि फाडायचो. वाचताना प्रत्येक वेळी वाटायचं की हे कुठेतरी वाचलेलं आहे, पाहिलेलं नाही.

तिला हे सगळं कशासाठी हवं होतं ते घरात माहीत होतं. कोच्चीला मिरीच्या एका जुन्या वखारीत मोठं प्रदर्शन भरणार होतं. विषय वेळ. माणसाचं आणि वेळेचं काय नातं आहे ते ज्याने त्याने आपापल्या कलेतून दाखवायचं. शारिकाला तिथे एक अख्खी खोली मिळाली होती आणि ती जमिनीवर कळम काढणार होती, भद्रकालीचा, आमच्या घराण्याच्या पद्धतीचा. मात्र प्रदर्शन तीन महिने चालणार होतं आणि कळमही तीन महिने राहायला हवा होता.

घोडं तिथेच अडलं होतं. आमच्याकडे सकाळपासून पाच रंगांची देवी जमिनीवर काढतात, अगदी शेवटी तिचे डोळे उघडतात, दिवे लावतात, गाणं म्हणतात आणि त्याच संध्याकाळी अंगात आलेला कोमरम नाचत नाचत पायांनी ती पुसून टाकतो. पुसलेली पूड हाच प्रसाद. डोळे उघडेपर्यंत ती नुसती पूड असते, उघडल्यावर देवी. आणि डोळे उघडणारा हात घरात एकच उरला होता, परमेश्वरन चेट्टाचा. चेट्टा म्हणजे आमचा थोरला भाऊ, शारिकाचा आजोबा.

"तीन महिने," तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा चेट्टा म्हणाला होता. "पाहुणी आली, जेवली, विडा खाल्ला, आणि जायचं नाव नाही. तिलाच संकोच वाटेल गं."

तरी त्याने एकदम नाही म्हटलं नाही. एका रविवारी घरीच काढून दाखव, म्हणाला. पसंत पडला तर डोळे उघडायला कोच्चीला येईन. नाही पडला तर तुझी तू.

त्या रविवारी पुढच्या खोलीतलं सामान आम्ही सकाळीच पडवीत काढलं. शारिका पदर खोचून लाल जमिनीच्या मधोमध बसली. तिने वरून खाली एक सरळ रेघ ओढली आणि देवी त्या रेघेपासून दोन्ही बाजूंना वाढायला लागली. तिचा बाप बालन दोह्याहून परतायला तयार नव्हता तेव्हा चेट्टाने चिडून नातीला हाताशी धरलं होतं. डोळे सोडून त्याने तिला सगळं शिकवलं होतं. डोळे का शिकवत नाहीस असं कोणी विचारलं की तो चष्मा पुसायला घ्यायचा.

चेट्टा दाराजवळच्या खुर्चीत. शंकुण्णी बाकावर, दुखरा गुडघा पुढे करून, आणि त्याच्या शेजारी मी. कळम पुसणारा कोमरम तो. अंगात आल्यावर त्याचा गुडघा दुखत नाही आणि उतरल्यावर आठवडाभर बायकोला झोपू देत नाही. बायको म्हणजे दाक्षायणी, आमची बहीण. ती नारळाच्या करवंट्यांमध्ये रंग भरून शारिकाच्या हाताशी ठेवत होती. बालन उभा राहून सगळ्यांना वाट अडवत होता.

"अच्छा, बघितलंत? रंग कसे उठून दिसतायत," बालन चेट्टाला म्हणाला. अच्छा म्हणजे बाबा. "वरून काच बसवणार आहेत. धुळीचा कणसुद्धा नाही बसायचा."

"तुझ्या बेकरीत काचेत काय ठेवतोस रे?" चेट्टाने विचारलं.

"केक. पफ."

"आणि संध्याकाळी उरतात ते?"

"टाकून देतो."

"हं," चेट्टा म्हणाला आणि पुन्हा कळमाकडे बघू लागला.

बालनच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला त्याच्या मनात शिरावं लागत नाही, तो मनातलं मोठ्याने बोलतो. परदेशात वीस वर्षं काढल्यावर त्याला एकच गोष्ट पटली आहे, जे टिकतं तेच खरं. त्याने रेशनकार्ड, पत्रिका, लग्नाची निमंत्रणपत्रिका, सगळं प्लास्टिकमध्ये घालून आणलं आहे. मुलीने काढलेली देवी पुसली जावी हे त्याला सोसवत नव्हतं. तिला मुलगी म्हणून तो वेळ देऊ शकला नव्हता, आणि आता तिचं काहीतरी काचेखाली राहणार या कल्पनेने तो हरखून गेला होता.

दाक्षायणीचं निराळंच होतं. लग्नाआधीपासून तिने या घराण्यासाठी तांदूळ भिजवले, वाळवले, कुटले, चाळले. हळद दळली, तुसं जाळून काळा केला, पाला सुकवून हिरवा केला. तुला काढायचंय का असं तिला कोणी विचारलं नाही. शारिकाने कोच्चीहून येताना दोन गोण्या आणल्या आणि म्हणाली, "अम्मूम्मा, कोणाला बोलू नकोस," तेव्हा दाक्षायणीने गोणीत हात घालून बघितला, तिला कळायचं ते कळलं, आणि तिने मुकाट्याने रंगांचे जुने डबे रिकामे करून दिले. मला वाटतं, एवढ्या वर्षांत त्या घरात तिला पहिल्यांदाच मजा येत होती.

दुपार होईतो देवी जवळजवळ पुरी झाली. आठ हात, हातांत त्रिशूळ, खड्ग, मुंडकं, गळ्यात माळा, आणि चेहऱ्यात डोळ्यांच्या जागी दोन पांढरे बदाम. मला रेघांतलं फार कळत नाही. पण चेट्टा खुर्चीत पुढे सरकून बसला होता आणि त्याचा अंगठा तर्जनीवर आपोआप घासत होता. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. दाक्षायणीने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"नाक माझ्या बापाचं घेतलंस," चेट्टा म्हणाला.

"तुमचंच आहे ते," शारिका म्हणाली.

"खुशामत करतेस?"

"हो."

तो हसला. उठला. दाक्षायणीने काळ्या रंगाची करवंटी पुढे केली. बालनने खिशातून फोन काढला, तो शंकुण्णीने त्याच्या खिशात परत घातला. चेट्टा कळमाला वळसा घालून चेहऱ्यापाशी चालला होता आणि मधेच, ईशान्येच्या कोपऱ्यात, थांबला. खाली वाकून बघत राहिला.

कोपऱ्यात मुंग्यांचा वाटा होता. कळमाला हात लावण्याआधी चिमूटभर पीठ तिथे ठेवायची आमच्याकडे चाल आहे. मुंग्यांनी तिथे खावं आणि देवीला जरा उसंत द्यावी. त्या काही ऐकत नाहीत. वाटा संपवून कळमाच्या कडेला लागतात आणि दुपारपर्यंत देवीची नखं खाऊन टाकतात. आजही उंबऱ्यातून त्यांची रांग आली होती. कोपऱ्यातला वाटा फस्त झाला होता. तिथून रांग कळमाच्या कडेपर्यंत गेली होती, कडेने थोडी फिरली होती आणि तश्शीच उलटी वळून उंबऱ्याबाहेर चालती झाली होती.

"दाक्षायणी," चेट्टा म्हणाला, "मुंग्यांना वाटा घातलास?"

"घातला की. न घालून कसं चालेल?"

"कसलं पीठ घातलंस?"

"तांदळाचं. स्वयंपाकघरातल्या डब्यातलं—" आणि तिने जीभ चावली.

चेट्टाने कळमाच्या कडेची पांढरी चिमूट उचलून जिभेवर ठेवली. दाताखाली कचकन आवाज आला, तो मला बाकापर्यंत ऐकू आला.

"दगड," तो म्हणाला.

"संगमरवराची भुकटी," शारिका उभी राहून आजोबांना म्हणाली. "मुत्तश्शा, तांदळाला तिथे चार दिवसांत कीड लागेल. तीन महिने कसा टिकणार?"

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो."

त्याने करवंटी दाक्षायणीच्या हातात परत दिली आणि तो पाय धुवायला विहिरीवर निघून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं. शारिका देवीच्या दोन पांढऱ्या बदामांकडे बघत उभी होती. कोच्चीला उद्घाटन तीन आठवड्यांवर आलं होतं आणि तिच्याकडे आता डोळे नव्हते.

"तू मुंग्यांना तांदूळ कशाला घातलास?" बालनने आत्याला विचारलं.

"मग काय मुक्या जीवांना दगड घालू?"

"आठ हात दगडाचे चालले तुला, चिमूटभर नाही चालली?"

"हाताला सवय आहे, बाबा. हाताला काय ठाऊक आपला कट चाललाय ते?"

शंकुण्णीला हसू आवरेना म्हणून तो बाहेर गेला.

जेवायची वेळ झाली. स्वयंपाकघरात जायचं तर पुढच्या खोलीतूनच जावं लागतं, आणि खोलीत देवी पसरलेली. डोळे नसल्यामुळे तिला देवी म्हणता येत नव्हतं, आणि तिच्यावर पाय द्यायची कोणाची छाती नव्हती. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून एकामागून एक सरकत गेलो. शंकुण्णीचा गुडघा वाकेना, तेव्हा बालनने त्याला उचलून पलीकडे ठेवलं.

पानं मांडली. लाल भात, सांबार, अवियल, पापड. शांतता मला जड होते, पण ती मोडायचं धाडस माझ्यात नाही. मी पापड मोडला.

"पण आठ हात चांगले बसले हो," शंकुण्णी शेवटी म्हणाला. "पुराच्या वर्षीची आठवण झाली. तेव्हाही आठच होते."

"सोळा," दाक्षायणी म्हणाली.

"आठ. मी पुसला होता तो कळम. माझ्या पायांना ठाऊक."

"आणि पीठ मी कुटलं होतं. आठ हातांना एवढं पीठ लागत नाही. माझ्या खांद्यांना ठाऊक."

"चार होते," चेट्टा पानातून डोकं न उचलता म्हणाला. "पुराचं पाणी पायरीला लागलं होतं. सोळा हात काढायला सवड कोणाला होती?"

"काढला तर बाबांनी होता," दाक्षायणी म्हणाली.

"हिरवा मी भरत होतो."

"हिरवा? चेट्टा, त्या वर्षी पाला मिळालाच नव्हता. सगळं पाण्याखाली. चेहरा पिवळा काढला होता बाबांनी."

"पिवळी भद्रकाली? काविळीने झोपली होती की काय?" शंकुण्णी म्हणाला.

"मला हिरवा आठवतो," बालन म्हणाला.

"तुझा तेव्हा जन्मही नव्हता," तिघे एकदम म्हणाले.

"पण आजी सांगायची ना. हिरवा, आठ हातांचा, आणि नाकातली नथ चमकत होती."

"नथ!" दाक्षायणीने कपाळाला हात लावला. "माशला विचारा. त्याला वाचलेली पुस्तकं पाठ आहेत. काय रे माश, किती हात?"

सगळे माझ्याकडे वळले. घास तोंडात होता, तो गिळायला मी लागेल तेवढा वेळ घेतला.

"मी हात मोजले नाहीत," मी म्हणालो.

"चेहरा तरी? हिरवा की पिवळा?"

"डोळे उघडले की मी वर बघत नाही. लहानपणापासून. भीती नाही, जरा संकोच वाटतो. मी खाली शंकुण्णीच्या टाचांकडे बघत होतो."

"माझ्या टाचा कशा होत्या?" शंकुण्णीने आस्थेने विचारलं.

"सुरुवातीला रंगीबेरंगी. नंतर शेवाळी. सगळे रंग मिसळल्यावर होतो तसा."

शारिका हसायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा. भाताचा हात तसाच वर धरून ती हसत होती.

"काय झालं, मोळे?" चेट्टाने नातीला विचारलं.

"मुत्तश्शा, पुराच्या वर्षीचा तो कळम गेला कुठे?"

"जाणार कुठे? पुसला."

"मग तुम्ही सगळे एवढा वेळ काय बघताय?"

चेट्टाने ताक ओतून घेतलं आणि भातात बोटं फिरवत बसला.

"काचेखाली असता," शारिका बापाकडे वळून म्हणाली, "तर हात मोजून मोकळे झाला असता. कोण भांडलं असतं?"

"म्हणजे?" बालनला धोका दिसायला लागला होता.

"म्हणजे पहिल्याच दिवशी काढायचा आणि त्याच संध्याकाळी पुसायचा. लोकांसमोर. पुढचे तीन महिने जमीन तशीच राहील, पुसलेली. आणि भिंतीवर तुम्ही पाठवलेली पत्रं लावायची. सोळा, आठ, चार, हिरवा, पिवळा, नथ."

"म्हणजे लोकांनी कोच्चीपर्यंत येऊन मळकी जमीन बघायची आणि आपली भांडणं वाचायची?"

"माझं सगळ्यात आधी लाव," शंकुण्णी म्हणाला.

"आणि मुंग्या?" चेट्टाने विचारलं.

"येतील त्या. वखार आहे, असतीलच. त्यांनाही खोली दिलीय असं समजू."

बालनने आत्याकडे पाहिलं, आत्या आता नवऱ्याशेजारी सरकून बसली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पापडाकडे पाहिलं. "घरात माझं कोणी ऐकतं का?" असं म्हणून त्याने आणखी भात वाढून घेतला.

जेवल्यावर शारिका पुढच्या खोलीत गेली. केरसुणी आणायला निघालेल्या दाक्षायणीला तिने अडवलं आणि स्वतःच अनवाणी दगडाच्या देवीत उतरली. कडेपासून आत, गोल गोल, पाय घासत. दोन पावलांतच तिने तोंड वाकडं केलं.

"टोचतं?" चेट्टाने दारातून विचारलं.

"टोचतं."

"तांदूळ टोचत नाही," तो म्हणाला. "दाक्षायणी, आज तांदूळ भिजत घाल."

मंगळवारी खरा कळम काढला. बालनने बेकरी बंद ठेवली आणि दिवसभर पिठाच्या करवंट्या पुरवल्या. मुंग्या सकाळीच आल्या, वाटा संपवला आणि देवीच्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. शारिका नखं पुन्हा काढायची, त्या पुन्हा खायच्या. "त्यांच्याशी वाद घालू नकोस," चेट्टा म्हणत होता, "त्यांनी माझ्या बापाचंही ऐकलं नाही."

दिवेलागणीला त्याने काळ्या रंगाची करवंटी उचलली. शारिकाच्या हातात दिली.

"तू उघड."

"मला येत नाही."

"मलाही येत नव्हतं. मी मागे बसतो."

मागच्या हंगामात डावा डोळा उघडताना त्याची चिमूट थरथरली होती. ते फक्त देवीने आणि त्याने पाहिलं होतं. कोच्चीला शेकडो माणसांपुढे ती पुन्हा थरथरली तर, या धास्तीपुढे पाहुणीचा संकोच वगैरे काहीच नव्हता. हे त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं, चष्मा पुसत. त्या क्षणी आम्हाला एवढंच दिसलं की आजोबा नातीच्या पाठीमागे मांडी घालून बसला आणि त्याने तिच्या कोपराखाली आपला तळवा धरला, टेकू दिल्यासारखा.

उजवा डोळा उघडला. डाव्याच्या वेळी शारिकाचं बोट थोडं रेंगाळलं.

"पुरे," चेट्टा हळूच म्हणाला.

मी सवयीने मान खाली घातली होती. खाली शंकुण्णीचे पाय होते, अजून स्वच्छ, पुसायला तयार. या टाचा मला पाठ आहेत, मनात आलं, आणि मी वर बघितलं.

मग गाणं झालं, शंकुण्णीच्या अंगात आलं, गुडघा दुखायचा थांबला आणि देवी गेली. दाक्षायणीने सगळ्यांच्या कपाळाला शेवाळी बोट लावलं. शारिका दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने कोच्चीला गेली. जाताना म्हणाली, "उद्घाटनाला सगळे या. मुत्तश्शा तर हवेतच, मागे बसायला." पत्राचं तिने नाव काढलं नाही.

त्या दिवशी मी वाचनालय उशिरा उघडलं. शब्दकोशातलं पत्र काढलं आणि एका दमात उत्तर लिहिलं. वाचून बघितलं नाही, नाहीतर फाडलं असतं. लिहिलं ते असं:

'शारिका, मंगळवारचा कळम. हात मोजायचे राहिले. डोळे पाहिले. डावा किंचित मोठा होता, आणि तो माझ्याकडे बघत होता. माश.'

पाकीट डकवण्यापूर्वी मी चूक केली, घरी येऊन पत्र दाक्षायणीला दाखवलं.

"डावा मोठा?" ती म्हणाली. "दोन्ही सारखे होते. डोळे तपासून घे तुझे."

पलीकडून चेट्टाचा आवाज आला. "उजवा मोठा होता."

मी पाकीट बंद केलं आणि छत्री घेतली. पोस्टातल्या सरोजिनीने पत्ता वाचला, मग माझं कपाळ बघितलं. त्यावर अजून थोडा प्रसाद होता.

"शारिकाला? अहो माश, काल तर ती इथेच होती. तोंडी सांगायचं ना."

"तोंडी तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितलं असतं," मी म्हणालो.

तिला काही कळलं नाही. तिने शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकलं.